दमट हवेतलं अंथरूण-पांघरूण

प्रश्न : ताई, पाच-सहा दिवसांच्या पायी भटकंतीला निघतोय. हवा दमट, रात्री १५ अंशांच्या आसपास. पिसांची क्विल्ट (रजईसारखं पांघरूण) हलकी म्हणून मनात भरली आहे, पण भिजली तर? मॅट हवेची घेऊ की फोमची? मित्र म्हणतो, आर-व्हॅल्यू जितकी जास्त तितकं चांगलं.

उत्तर : पावसाचं फार मनावर घेऊ नका. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घातली की क्विल्ट कोरडी राहते. पिसांचा घात होतो तो आपल्याच घामाने. रात्रभर अंगातून निघणारी वाफ क्विल्टमधून बाहेर पडायला हवी. बाहेरची हवाच ओलीगच्च असेल तर ती वाफ पिसांत मुरते. पिसं फुगून हवा धरून ठेवतात म्हणून ऊब मिळते. ओल धरली की त्यांचे गोळे होतात. पहिल्या रात्री काही कळत नाही. तीन-चार रात्री झाल्यावर क्विल्ट उजेडासमोर धरून बघा, कप्प्यांत कुठे गठ्ठा, कुठे नुसतंच कापड दिसेल. पाणी न धरणारी प्रक्रिया केलेली पिसं मिळतात, पण त्यांनी हे फक्त लांबतं.

तेव्हा आधी एवढंच ठरवा : वाटेत रोज तास-दीड तास ऊन मिळणार का? मिळणार असेल तर खुशाल पिसांची घ्या आणि दुपारी जेवायला थांबाल तेव्हा आतली बाजू वर करून पसरा. खात्री नसेल तर सिंथेटिक. ती जागा जास्त खाते, पण ओलसर झाली तरी बरीच ऊब देते आणि लवकर वाळते. शिवाय १५ अंशांना पातळशीच लागते, त्यामुळे वजनात फारसा फरक राहत नाही. तुमच्या जागी मी सिंथेटिकच घेतली असती.

कोणतीही घ्या, तोंड आत घेऊन झोपू नका. श्वासाची वाफ थेट क्विल्टमध्ये जाते. पायाकडचं टोक तंबूच्या कापडाला टेकू देऊ नका, पहाटे तिथे दव साचतं.

आता मॅट. आर-व्हॅल्यू म्हणजे अंगातली ऊब जमिनीत जायला मॅट किती अडवते त्याचं माप. बर्फावर ५ किंवा जास्त हवी; तुम्हाला २ पुष्कळ झाली. बंद छिद्रांच्या फोमची मॅट पाणी पीत नाही, फडक्याने पुसली की काम झालं. कुशीवर झोपत असाल तर मात्र कंबर आणि खांदा टोचेल, मग हवेची घ्या. ती तोंडाने कधीही फुगवू नका. श्वासातली ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. सोबत मॅटमध्ये हवा भरायची पंपाची पिशवी ठेवा, आणि घरी आल्यावर झडप उघडी टाकून मॅट सैल ठेवा.

गुळगुळीत कापडाची मॅट उघड्या अंगाला चिकटते, झोप लागत नाही. रेशमी किंवा पॉलिएस्टरचं पातळ लायनर, म्हणजे आत शिरून झोपायचं पिशवीसारखं अस्तर, न्या. सुती नको, ते वाळता वाळत नाही. घाम लायनरमध्ये राहतो, क्विल्टपर्यंत कमी पोचतो, आणि रोज धुवायलाही तेवढंच लागतं.