सिंगापूरला सहकुटुंब जाताय? एक सकाळ बाजारासाठी ठेवा

पहिलीच परदेशवारी आहे ना, मग यादीतली दोन-तीन ठिकाणं बिनधास्त गाळा. रोजचं सिंगापूर बघायचं तर सकाळी लिटल इंडियातलं टेक्का सेंटर गाठा. लवकर जा, दुपारपर्यंत मासळी-भाजीचे गाळे आवरायला लागतात. त्याच इमारतीत खाण्याचे स्टॉल आहेत: डोसा, बिर्याणी, चिनी नूडल्स. आजी-आजोबा शाकाहारी असले तरी अडत नाही. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलीय, तिथे बसू नका. खाऊन झालं की ट्रे आपणच नेऊन ठेवायचा. 2021 पासून तसा नियमच आहे. हे काम मुलांना द्या, फार हौसेने करतात. अशा खाण्याच्या स्टॉलना तिथे हॉकर म्हणतात. या हॉकर संस्कृतीला 2020 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, आणि माझ्या मते ती अगदी रास्त आहे.

फिरायला मेट्रो उत्तम. 90 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची मुलं मोठ्यांसोबत फुकट जातात, बाकी प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं.

आणि एक संध्याकाळ तोआ पायोहसारख्या सरकारी घरांच्या वसाहतीत घालवाच. सिंगापूरचे बहुसंख्य लोक अशाच इमारतींत राहतात. तळमजला मोकळा असतो. म्हातारी माणसं तिथे गप्पा मारत बसतात, मलय कुटुंबांची लग्नंसुद्धा तिथे लागतात. जवळच मुलांना खेळायला जागा असते. तासभर खेळू द्या त्यांना, घाई करू नका. फोटो काढण्याआधी मात्र विचारा.