प्रॉमला मैत्रिणीसोबत जायचंय? आधी फॉर्म बघ

प्रॉम म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलचा औपचारिक नाचाचा कार्यक्रम. तू मुलगी आहेस आणि तिथे मुलीलाच जोडीदार म्हणून न्यायचंय, तर पहिल्यांदा बघ, तुझी शाळा सरकारी आहे की खासगी. अमेरिकेतल्या सरकारी शाळेला केवळ जोडीदार मुलगी आहे म्हणून तुला अडवता येऊ नये. १९८० मध्ये ऱ्होड आयलंडच्या फेडरल कोर्टाने अ‍ॅरन फ्रिक या विद्यार्थ्याच्या बाजूने तसा निकाल दिला; त्याला प्रॉमला मुलगा जोडीदार न्यायचा होता. २०१० मध्ये मिसिसिपीत कॉन्स्टन्स मॅकमिलन या विद्यार्थिनीच्या खटल्यात तर मुलीने टक्सिडो (पुरुषांचा औपचारिक सूट) घालणंही अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बसतं, असं कोर्टाने म्हटलं. खासगी शाळेला हे लागू नाही. तिथे शाळेची नियमावलीच वाचावी लागते.

गाडी अडते ती बहुधा फॉर्मवर. मैत्रीण दुसऱ्या शाळेतली असेल तर पाहुण्यांचा वेगळा फॉर्म असतो. त्यावर बऱ्याचदा तिच्या शाळेची आणि पालकांची सही लागते. मुदत चुकली की शाळेला नकाराचं सरळ कारण मिळतं, मग भेदभाव सिद्ध करणं फार अवघड. म्हणून फॉर्म लवकर दे, आणि देण्याआधी भरलेल्या पानाचा फोटो काढून ठेव.

कोणी तोंडी ‘नाही’ म्हणालं तर वाद घालू नकोस. त्याच दिवशी ईमेल कर: ‘आज तुम्ही असं म्हणालात, कोणत्या नियमानुसार ते लेखी कळवा.’ बरेचदा इथेच प्रश्न सुटतो. नाही सुटला तर प्रिन्सिपल, मग डिस्ट्रिक्टचे सुपरिटेंडंट (त्या भागातल्या सरकारी शाळांचे प्रमुख), मग तुमच्या राज्यातली एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेची शाखा.

घरी या नात्याबद्दल अजून सांगितलं नसेल, तर सहीचा आणि फोटोंचा विचार तिकिटाआधी कर. प्रॉमचे फोटो रात्रीतून मावशीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचतात. कधी सांगायचं, हे तूच ठरव.