खाडीत सोडलेलं केमिकल जातं कुठे?

वाशिष्ठी नदीत आलेलं कारखान्यांचं सांडपाणी ओहोटीबरोबर समुद्रात निघून जातं ना? – एक वाचक, चिपळूण

थोडं जातं, पण सहा तासांत भरती लागली की त्यातलं बरंचसं परत येतं. शिवाय तांबं, शिसं, पारा नुसत्या पाण्यात फारसे राहत नाहीत; मातीच्या बारीक कणांना चिकटतात. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना दूर लोटतात. खारं पाणी लागलं की मिठामुळे तो जोर ओसरतो, कणांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. म्हणून वाशिष्ठी समुद्राला मिळते त्या दाभोळच्या खाडीत गोडं-खारं मिसळतं तिथला मऊ गाळ आधी तपासावा. कॅडमियम मात्र उलट वागतं: खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडशी जोडी जमवून गाळातून सुटतं आणि पुन्हा पाण्यात येतं. पण बाकीचे धातू गाळातच बसलेले असतात, त्यामुळे नुसतं पाणी तपासून 'खाडी स्वच्छ' असा दाखला देणाऱ्या अहवालावर माझा विश्वास नाही.

तिसऱ्या (खाडीतले शिंपले) रात्रभर स्वच्छ पाण्यात ठेवून नीट उकळल्या तर चालतील? – एक गृहिणी, गुहागर

वाळू निघेल, उकळल्याने बहुतेक जंतू मरतील. धातू हटणार नाहीत. तिसऱ्या, कालवं दिवसभर पाणी गाळून खातात. गाळातले धातू त्यांच्या मांसातल्या प्रथिनांना घट्ट धरून बसतात. ते एका रात्रीत उतरत नाहीत, आठवडे-महिने लागतात. सांडपाण्याच्या तोंडाजवळच्या तिसऱ्या सरळ टाळा.

मग गाळ उपसून टाकला तर? – एक मच्छीमार

घाई नको. वरचा थर सोडला की खालच्या काळ्या चिखलात प्राणवायू नसतो. सडक्या अंड्यांचा वास येतो ना, त्याच गंधकाने धातू सल्फाइडच्या रूपात तिथे बांधून ठेवलेले असतात. सक्शन पंपाने ढवळलं, हवा लागली, की ते सुटू लागतात. उपसलेला गाळ खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत) ओतणं तर त्याहून वाईट. आधी तपासणी, मग उपसा.

मेलेले मासे दिसले की केमिकलच, असं समजायचं का? – एक वाचक, दापोली

नाही. पहिल्या पावसात वाहून आलेली घाण कुजते आणि प्राणवायू संपवते. रात्री शेवाळंही तो वापरतं, म्हणून असे मासे पहाटे वर येऊन आ वासतात. भर उन्हात मेले तर संशय रसायनावर. प्राणवायू जागेवरच मोजावा लागतो, बाटलीत तो बदलतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लगेच कळवा, ताजे मेलेले मासे बर्फात ठेवा आणि पाण्याचा नमुना पुढची भरती लागायच्या आत घ्या.