घरात एकामागून एक संकटं येत असताना देव जवळ आहे असं कसं वाटावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांचं आजारपण, पावसात गेलेलं सोयाबीन आणि वर सोसायटीचं कर्ज, यात रोज जपाला बसता पण मन लागत नाही. उलट देवाचा राग येतो, आणि तो राग पाप तर नाही ना याची धास्ती वाटते. त्या धास्तीचंच आधी बोलते.

मी गंगाखेड तालुक्यातली, म्हणजे जनाबाईच्या गावाकडची. ती लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी आली आणि जन्मभर तिथं राबली. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो, पाणी भरतो, तिचे केस विंचरतो. पण म्हणून जनीचं दळण काही सुटत नाही. आणि हीच जनी त्याला ‘विठ्या’ म्हणून शिव्याही घालते! सातशे वर्षं वारकरी ते प्रेमानं म्हणत आलेत. तेव्हा तुम्ही देवाशी खुशाल भांडा. परक्याशी कोणी असं भांडत नाही.

माझ्या नवऱ्याचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मी एकच मागत होते, हे थांबू दे. थांबलं नाही, अजून चालू आहे. ते मशीनवर आणि मी बाहेरच्या बाकड्यावर, चार-चार तास. एकदा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या मावशींनी हळू आवाजात हरिपाठ सुरू केला. त्यांचा मुलगा आत होता. मध्येच त्यांचा आवाज दाटला, पुढची ओळ निघेना, ती मी म्हटली. मग त्यांनी धरली, मग परत मी. त्या दिवशी रिपोर्ट काही सुधारला नाही. पण देव तिथं आमच्या दोघींच्या मध्ये बसला होता, हे मला आजही शंभर टक्के खरं वाटतं. तेव्हापासून मी ‘थांबू दे’च्या जोडीला ‘सोबत ये’ असंही मागते, आणि ते मागणं रिकामं जात नाही.

म्हणून मन लागावं यासाठी वेगळं बसायचा हट्ट सोडा. भाकरी थापताना, सासऱ्यांचं अंथरूण बदलताना नाव घ्या. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या त्या काही वेळ काढून नव्हे, पीठ पाडता पाडताच. आणि संध्याकाळी गावातल्या मंदिरात हरिपाठ होत असेल तर जाऊन नुसत्या बसा. तोंडातून शब्द निघाला नाही तरी चालतं, बाकीचे म्हणतात.

देवानं पाठ फिरवली असं तुम्ही लिहिलंय. औंढ्या नागनाथाला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे, पाहिलाय ना? नामदेवांना कीर्तनाला मागं बसायला लावलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडं फिरलं असं आपल्याकडं सांगतात. मला ही कथा फार धीर देते.

देवावर भार टाकला तरी कागदपत्रं सोडू नका. सासऱ्यांचा उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, ते योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. आणि घरात कोणाची झोप उडाली असेल, जीव नकोसा झाल्याची भाषा निघत असेल, तुमच्या मालकांची असो की तुमची, तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर लगेच फोन करा. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. शेतीचं नुकसान झालेल्या घरात पुरुषमाणूस गप्प गप्प राहायला लागला तर त्याला एकटं ठेवू नका, हे मात्र नक्की पाळा.