सोमवारचा फोन रविवारी संध्याकाळी येतो

प्रिय मावशी,
मी मूळची मालवणची, गेली बावीस वर्षं अमेरिकेत युटात आहे. नवरा जन्मापासून एलडीएस, म्हणजे मॉर्मन, चर्चचा, मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा, आठ महिन्यांपासून चर्चच्या धर्मप्रसाराच्या मिशनवर फिलिपीन्समध्ये सेबूला आहे. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल येतो. आधी तासभर बोलायचा, आता वीस मिनिटांत "सगळं छान आहे" म्हणून ठेवतो. शेजारी त्याचा मिशनमधला जोडीदार बसलेला असतो. गेल्या आठवड्यात मला एकटीला ईमेल आला: "आई, मी दोन वर्षं पुरी न करता आलो तर?" नवरा म्हणतो, हे सगळ्यांनाच होतं, मलाही चिलीत झालं होतं, तू त्याला विचलित करू नकोस. सासूबाई टेंपलमधल्या प्रार्थनेच्या यादीत त्याचं नाव घालून आल्या. मालवणहून आई ओरडते, पोराचा साधू केलास, परत बोलव त्याला. मी त्या चर्चची नाही, मग मला बोलायचा अधिकार तरी आहे का? त्याला ये म्हणू की थांब म्हणू?
– रविवारची आई, युटा

अगं रविवारची आई,

अधिकाराचं आधी मिटवून टाकू. त्या लोकांत मुलांचा बाप्तिस्मा आठव्या वर्षी होतो, आणि पांढऱ्या कपड्यांत डोक्यापासून पायापर्यंत भिजून पाण्याबाहेर आलेल्या पोराला टॉवेलात गुंडाळायला आईच पुढे होते. तू हे लिहिलं नाहीस, पण तू तिथे होतीस यावर मी पैज लावते. आणि ईमेल कुणाला आला? बापाला नाही, आजीला नाही. तुला आला, तोही एकटीला. त्या घरात एकच माणूस असं आहे ज्याला चर्चमध्ये लोक काय म्हणतील याची पर्वा नाही, हे पोराने बरोबर हेरलंय. तू त्या चर्चची नाहीस म्हणूनच त्याने तुला विचारलं.

तुमच्याच युटात सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला सँडी म्हणून गाव आहे, तिथे आम्ही नऊ वर्षं काढली. समोरच्या घरात पाच मुलं, त्यांतली तीन एकामागोमाग मिशनवर गेली. तेव्हा फोन वर्षातून दोनदाच यायचा, एक नाताळला आणि एक मदर्स डेला. त्या दिवशी शेजारीण सकाळपासून स्वयंपाकघर सोडायची नाही. फोन टेबलावर मधोमध, भोवती कुटुंब, आणि हातात विचारायच्या गोष्टींची चिठ्ठी. चिठ्ठीतलं निम्मंही विचारून व्हायचं नाही, कारण धाकटी पोरं मध्येच ओरडायची. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली तेव्हा मी तिला मुद्दाम फोन केला, म्हटलं सुटलीस बाई. ती म्हणाली, "कसली सुटले! आता दर आठवड्याला त्याचा चेहरा वाचत बसते." तुझंही तेच चाललंय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण आपल्याकडे 'मॉर्मन' म्हटलं की लोकांना भलतंच काहीतरी आठवतं. (चर्चला स्वतःला आता तो शब्द नको आहे. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स असं पूर्ण नाव घ्या, असं २०१८ मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी सांगितलं. मी तरी एका दमात म्हणू शकत नाही.) मुलगे अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांसाठी जातात. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. सहा-साडेसहाला उठायचं, व्यायाम, मग वाचन आणि भाषेचा अभ्यास, दहाच्या सुमाराला पांढरा शर्ट-टाय घालून बाहेर, रात्री नऊ-साडेनऊला खोलीवर, साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, चहा-कॉफी तर १८३३ सालापासून बाद. आणि चोवीस तास एक जोडीदार. न्हाणीघर सोडलं तर त्याच्या नजरेआड व्हायचं नाही असा नियमच आहे. हा जोडीदार आपण निवडायचा नसतो. तो घोरतो का, घाण ठेवतो का, दिवसभर बोलतो का, अजिबात बोलत नाही का, ते नशिबावर. दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा फेरा येतो, त्यात जोडीदार बदलतो नाहीतर गाव बदलतं, किंवा काहीच बदलत नाही आणि आणखी सहा आठवडे तेच.

सुटीचा म्हणावा असा एकच दिवस, बहुधा सोमवार. त्याला ते पी-डे म्हणतात, म्हणजे तयारीचा दिवस. खरं तर सुटी कसली, त्यात आठवड्याचे कपडे धुवायचे, बाजार करायचा, केस कापायचे, खोली झाडायची, मिशनच्या अध्यक्षाला साप्ताहिक पत्र लिहायचं आणि घरी फोन करायचा. संध्याकाळी पुन्हा टाय बांधून कामाला. सेबू तुमच्या उन्हाळ्यात चौदा आणि हिवाळ्यात पंधरा तास पुढे, म्हणून त्याचा सोमवार सकाळचा फोन तुला रविवारी संध्याकाळी येतो.

आता तुझी बाजू बघ. त्या वीस मिनिटांत काय होतं? नवरा विचारतो, काम कसं चाललंय. सासूबाई विचारतात, कुणाचा बाप्तिस्मा झाला का. सात दिवस माणसं त्याला दारातून परत पाठवतात, आणि आठवड्यातला एकमेव घरचा फोन येतो तोही हिशोब मागायला. शेजारी जोडीदार बसलेला. अशा वेळी "सगळं छान आहे" याच्याशिवाय कुणी काय बोलेल? मीही तेच म्हटलं असतं.

म्हणून पहिलं काम. या रविवारी मिशन हा शब्दच काढू नकोस. कपडे कुठे वाळत घातलेस ते विचार. तिथल्या दमट हवेत कॉलर पिवळी पडते का ते विचार. सेबूत सुक्या मासळीचा मोठा बाजार आहे, ताबोआन नावाचा. दांगित म्हणून मासा चिरून, पसरून वाळवतात, सकाळी तळून भाताबरोबर खातात. तू मालवणची! आजीच्या अंगणातल्या सुकटीच्या वासाने हा पोरगा लहानपणी नाक धरून पळाला असेल, तर आता त्या बाजारातून जाताना त्याला काय वाटतं ते ऐक. आणि तुझा चहाचा कप खुशाल समोर असू दे. तुला चहा पिताना बघितलं की त्याला घरात आल्यासारखंच वाटेल.

दुसरं. त्याच्याशी मराठीत बोल. अर्धवट येत असेल, तुटकं असेल, तरी मराठीतच. जोडीदाराला चोरून काही करायचं म्हणून नव्हे. भरलेल्या खोलीत आई आणि मुलाला आडोसा मिळावा एवढ्यासाठी. "जेवतोस का नीट? झोप लागते का? हा बरोबरचा मुलगा बरा आहे ना?" याला हो-नाही इतकंच उत्तर लागतं, आणि चेहरा न पाडता देता येतं. आणि त्याला हाक मारताना त्याचं नाव घे. तिथे त्याच्या छातीवर काळी पट्टी आहे, तिच्यावर 'एल्डर' आणि बापाचं आडनाव. तू ठेवलेलं नाव दिवसभरात कुणी उच्चारत नाही. घरातलं लाडाचं नाव असेल तर तेच घे, जोडीदार हसला तर हसू दे.

ही हो-नाहीची उत्तरं नीट ऐक, कारण तुझा पुढचा निर्णय त्यांवर आहे. नुसती घरची ओढ असेल तर ती येते-जाते. मिशनऱ्यांच्या बोलीत त्याला 'ट्रंकी' होणं म्हणतात, म्हणजे मन ट्रंक भरून दाराशी बसलंय. जोडीदाराशी पटत नसेल तर त्याला सहा आठवड्यांची मुदत आहे, आणि ते अध्यक्षाच्या पत्रात लिहिता येतं. त्यासाठीच ते पत्र असतं. पण जेवण तुटलंय, झोप उडालीय, वजन उतरलंय, आवाज सपाट झालाय, एखादी "मी नसतो तर बरं" अशी ओळ आली, तर सोमवारची वाट बघू नकोस. त्याच दिवशी मिशनच्या कार्यालयात फोन करायचा. तिथे अध्यक्ष आणि त्यांची पत्नी तीन वर्षांसाठी राहतात, पोरांची जबाबदारी त्यांच्यावर असते, आणि समुपदेशकाशी बोलायची सोय करता येते. तू सदस्य नाहीस म्हणून तुझा फोन कुणी नाकारणार नाही. नाकारलाच तर नवऱ्याने त्याच्या बिशपला, म्हणजे त्यांच्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखाला, घेऊन करावा.

आता नवरा. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य त्याचं आहे: मलाही चिलीत झालं होतं. काय झालं होतं? तुला माहीत आहे? बावीस वर्षांत कधी सांगितलंय? माझा अंदाज, नाही. त्या पिढीच्या पुरुषांनी मिशनच्या गोष्टी सांगितल्या त्या फक्त गमतीच्या, कुत्रा मागे लागल्याच्या नाहीतर बोलताना भलताच स्पॅनिश शब्द वापरल्याच्या. रात्री उशीत तोंड खुपसून रडल्याची गोष्ट वॉर्डात, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीत, उभं राहून कुणी सांगत नाही. त्यामुळे तुझ्या मुलाला वाटतंय की बापाला चिली झेपलं आणि मला सेबू झेपत नाही.

तर रात्री जेवण आवरल्यावर, धाकटी पोरं झोपल्यावर, नवऱ्यासमोर बस आणि चिलीबद्दल विचार. भांडायला नाही, ऐकायला. कुठला महिना होता, काय झालं होतं, घरी पत्रात काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही. मग त्याला म्हण, हे जसंच्या तसं मुलाला लिही. उपदेशाचं एक वाक्य नको. "मी थांबलो म्हणून तूही थांब" हे तर अजिबात नको. फक्त जे झालं ते. तुझ्या मुलाला या घडीला प्रार्थनेच्या यादीपेक्षा त्या पत्राची गरज जास्त आहे. सासूबाईंना हे सांगू नकोस, त्या त्यांच्या परीने प्रेमच करतायत.

आता तुझा मूळ प्रश्न, ये म्हणू की थांब. दोन्ही म्हणू नकोस. "ये" म्हणालीस आणि तो आला, तर पुढे कधी वाईट वाटलं की आईने बोलावलं म्हणून आलो असं होईल. "थांब" म्हणालीस आणि तो आतून कोसळत असेल, तर पुन्हा तुला ईमेल येणार नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते. त्याने "आलो तर?" विचारलंय, त्या 'तर'चं उत्तर दे. आलास तर खोली तुझीच आहे. आलास तर मी विमानतळावर असेन. आलास तर कुणाला काय सांगायचं ते तू ठरवशील, आम्ही तेवढंच सांगू. राहिलास तर पुढच्या रविवारी याच वेळेला फोनवर भेटू. हे एकदा, स्पष्ट, आणि शक्य असेल तर नवऱ्याच्या सहीने लिही. मग तो विषय तू पुन्हा काढायचा नाही. दर आठवड्याला "काय ठरवलंस?" विचारलंस तर ते दार उघडं ठेवणं नव्हे, दारात उभं राहून हाका मारणं झालं.

आणि घरात पैशांचा सूर नको. महिन्याला ५०० डॉलर भरतोय, असं नवरा सहज बोलला असेल. ते मुलाच्या कानावर गेलं की प्रत्येक आठवडा त्याला कर्जाच्या हप्त्यासारखा वाटायला लागेल.

तो आलाच तर काय होईल, तेही सांगते. तुला ते माहीत आहे, म्हणूनच तू घाबरली आहेस. दोन वर्षं करून आलेल्या मुलासाठी सॉल्ट लेकच्या विमानतळावर फुगे, फलक, तीस-तीस माणसं. माझ्या शेजारणीचा मधला मुलगा अकराव्या महिन्यात परत आला. फुगे न्यायचे की नाही यावर ती दोन दिवस अडली होती. नेले तर थट्टा वाटेल, नाही नेले तर शिक्षा. शेवटी एकटीच गेली, बरोबर डब्यात त्याला आवडणारी सँडविचं घेऊन, आणि दोघांनी गाडी पार्किंगमध्येच ठेवून ती खाल्ली, मग घरी आले. वॉर्डात काही महिने लोकांनी नको तितक्या हळू आवाजात चौकशा केल्या. एक-दोघींनी बोलणं टाळलं. त्याला त्रास झाला, खोटं कशाला सांगू. पुढे त्याने घरी राहून करायची सेवा-मिशन घेतली, तीही सोय त्यांच्याकडे आहे. आता तो आपल्या मुलांना शाळेत सोडतो आणि मला नाताळचं कार्ड पाठवतो.

राहिली तुझी आई. मालवणात मिशन समजावणं अवघड आहे, मान्य. पण वारीची उपमा देऊन बघू नकोस, मी एकदा माझ्या आत्याला देऊन बघितली. ती म्हणाली, वारकरी तीन आठवड्यांत पंढरपुरात असतो आणि एकादशी झाली की घरी येतो, तुमचा दोन वर्षं कुठे चाललाय? तिला एवढंच सांग की तारीख ठरलेली आहे, तो लग्नही करणार आहे आणि मासेही खातोय. दांगितचा फोटो मागव आणि तिला पाठव. तिला त्यात नावं ठेवायला पुष्कळ सापडेल, आणि तुझ्यावर ओरडायचं ती थोडं विसरेल.

तुझी,
मावशी