इंदूर ते पुणे: अंतर किती आणि विमानाला वेळ किती?

इंदूर-पुणे अंतर कुठे पाचशे, कुठे सहाशे, तर कुठे नऊशेच्या वर किलोमीटर दाखवतात, त्यातलं खरं कोणतं, आणि आई-बाबांना साखरपुड्याला न्यायचं तर विमानाचा किती वेळ धरायचा, असं तुम्ही विचारलंय.

तिन्ही आकडे खरे आहेत. विमानाच्या सरळ रेषेत साधारण 500 किलोमीटर. खलघाट, सेंधवा, धुळे करत रस्त्याने गेलात की 600 च्या घरात. रेल्वे मात्र आधी रतलाम गाठते, मग वडोदरा, सुरत, वसई, कल्याण अशी प्रदक्षिणा घालून पुण्यात शिरते, म्हणून तिचा आकडा फुगतो. इंदूर-मनमाड ही 309 किलोमीटरची नवी लाइन 2024 च्या सप्टेंबरात केंद्राने मंजूर केली आहे. ती झाली की हा वळसा वाचेल, पण साखरपुडा तोवर थांबणार नाही!

थेट विमान वेळापत्रकात सव्वा तास ते दीड तास दाखवतं. जेट ताशी 800 किलोमीटरने उडतं, मग पाचशेला इतका वेळ का? कारण एवढ्या छोट्या पल्ल्यात ते पूर्ण वेगाने फार थोडा वेळ उडतं. वर चढण्यात वीसेक मिनिटं जातात, उतरायला तेवढीच किंवा थोडी जास्त. शिवाय कंपनी जो वेळ सांगते तो जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा असतो. लोहगाव, म्हणजे पुण्याचा विमानतळ, हा मुळात हवाई दलाचा तळ, प्रवासी विमानांसाठी मुख्य धावपट्टी एकच. कधी आकाशात एखादी घिरटी जास्त होते. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा जाताना थोडा आडवा येतो, पण फरक चार-पाच मिनिटांचा, त्याची चिंता नको.

खरा वेळ जमिनीवर जातो. तुम्ही इंदुरात रामबागेत किंवा लोकमान्य नगरात राहत असाल तर बडा गणपती, कालानी नगर ओलांडून विमानतळ गाठायला पाऊण तास ठेवा. संध्याकाळी राजवाड्याकडून जायचा विचारही करू नका. विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचायचं. पुण्यात बॅगा घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, आणि घर कोथरूडला असेल तर पुढे तासभर सहज. म्हणजे दारापासून दारापर्यंत पाच ते पावणेसहा तास. स्लीपर ट्रॅव्हल्सने हेच रात्रभराचं काम आहे. तरुणांना चालतं, गुडघे दुखणाऱ्यांना मी तरी बसमध्ये चढवणार नाही.

तिकीट काढताना एकच गोष्ट बघा: विमान थेट आहे ना. स्वस्त म्हणून दिल्लीमार्गे घेतलंत तर आधी साडेसहाशे किलोमीटर उलट दिशेला, मग तिथून पुण्याला अकराशेच्या वर. पाचशेचे अठराशे होतात आणि अख्खा दिवस जातो. त्यापेक्षा रात्रीची ट्रॅव्हल्स शहाणी.

बाबांना जास्त चालवत नसेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, वेगळे पैसे पडत नाहीत. सकाळचं विमान असेल तर जाताना उजवीकडची खिडकी घ्या, ऊन डावीकडे येतं. आईंना नर्मदा बघायची असेल तर उड्डाणानंतर दहाएक मिनिटांतच खाली लागते, तेव्हा पोह्यांचा डबा त्यानंतर उघडा.