डिझेल गाडीची नवी बॅटरीही उतरते: दोष बॅटरीचा, आल्टरनेटरचा की वायरिंगचा, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉमन रेल (कंप्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणारी) डिझेल गाडी आहे, बॅटरी नवीच टाकली आहे, तरी तीनेक दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक' होतं. गाडी चालू असताना बॅटरीचा लाल दिवा लागत नाही. गॅरेजवाले म्हणतात आल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) बदला. बदलण्याआधी खात्री कशी करायची?

मी ऑटो इलेक्ट्रिकचंच काम करतो, आणि एवढ्या लक्षणांवर आल्टरनेटर बदलायला मी तरी सांगणार नाही. बॅटरी उतरते ती तीन कारणांनी. एक तर ती नीट भरत नाही, किंवा भरलेली धरून ठेवत नाही, किंवा गाडी उभी असताना काहीतरी तिच्यातून करंट खात राहतं. नव्या आल्टरनेटरने यातलं पहिलं कारण जाऊ शकतं, तेही पट्टा आणि वायरी धड असतील तरच; आणि तिसरं, पण फक्त करंट खाणारा आल्टरनेटरच असेल तर. साधा डिजिटल मल्टीमीटर हाताशी असेल तर हे तिन्ही वेगळं करता येतं.

सुरुवात बॅटरीपासून. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी दार उघडण्याआधी, किल्ली लावण्याआधी व्होल्टेज बघा (बॉनेट आदल्या रात्रीच उघडून ठेवलेलं बरं). १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि ११.९ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. गाडी नुकतीच बंद करून मोजलंत तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका. चार्ज केल्यावरही १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर सहापैकी एक सेल गेलेला आहे. मग बॅटरी नवी असो की जुनी, ती बदलूनच घ्या. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (अॅसिडची घनता मोजायच्या नळीने) प्रत्येक सेल बघा. भरलेल्या सेलची घनता १.२६५ ते १.२८० असते. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तोच चोर.

आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या वेळी मीटर बघा. डिझेल इंजिनाचं कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे सेल्फला पेट्रोलपेक्षा बराच जास्त करंट लागतो. त्यात थंडीत हीटर प्लग (सिलिंडर आतून तापवणारे) आधीच बॅटरीवर ताण देऊन बसलेले असतात. म्हणूनच अर्धी उतरलेली बॅटरी दिवे, हॉर्न, म्युझिक सगळं चालवते आणि इंजिन मात्र फिरवत नाही. भरलेली, चांगली बॅटरी सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. कॉमन रेलमध्ये आणखी एक भानगड अशी की व्होल्टेज फार पडलं की ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) गडबडतो, आणि इंजिन फिरतं पण उठत नाही. मग लोक डिझेल फिल्टर नाहीतर इंजेक्टरच्या मागे लागतात.

याच वेळी एक छोटी चाचणी उरकून घ्या, ही फारसं कुणी करत नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यावर टेकवा आणि दुसरी त्याच खुंट्यावर आवळलेल्या टर्मिनलवर. सेल्फ मारताना मीटर जवळजवळ शून्य दाखवायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर दोन्हीच्या मध्ये गंजाचा थर आहे, मग वरून टर्मिनल कितीही चकचकीत दिसो. प्लस आणि मायनस दोन्हीकडे करा. टर्मिनल काढताना मायनस आधी काढा आणि लावताना शेवटी.

मग चार्जिंग. डिझेलमध्ये इंजिन सुरू होताक्षणी मोजू नका. बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू झाल्यानंतरही हीटर प्लग काही वेळ चालू राहतात, तेवढ्या वेळात व्होल्टेज कमीच दिसतं. पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. मग इंजिनाला थोडी रेस देऊन, साधारण १५०० ते २००० आरपीएमवर, बॅटरीवर १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. आता हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं चालू करा. १३.५ च्या खाली घसरत नसेल तर आल्टरनेटर त्याचं काम करतोय. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय आणि तो बॅटरी उकळवतोय. हल्लीच्या काही गाड्यांत मात्र चार्जिंग ईसीयूच्या ताब्यात असतं. बॅटरी भरलेली दिसली की तो मुद्दाम व्होल्टेज १२.८ च्या आसपास उतरवतो आणि गाडीचा वेग कमी करताना परत चढवतो. मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर आणि त्याला बारीक वायरी दिसल्या तर तुमची गाडी बहुधा त्यातलीच. तिथे एका रीडिंगवर निकाल देऊ नका, सगळा लोड टाकून पुन्हा बघा.

लाल दिवा लागत नाही म्हणून चार्जिंग ठीक, असं धरून चालू नका. किल्ली ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी तो लागतो का ते आधी बघा. जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच आल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडालेला असेल तर आल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावर होतो. आणि कमी चार्जिंग चालू असलं तरी दिवा विझलेलाच राहू शकतो.

चार्जिंग कमी मिळालं तरीही लगेच आल्टरनेटर खोलू नका. तेच व्होल्टेज आल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीच्या बोल्टवर, म्हणजे बी प्लसवर मोजा. नवा आल्टरनेटर बसवूनही बॅटरी उतरणारी एक गाडी माझ्याकडे आली होती. मागे बोल्टवर १४.३, बॅटरीवर १३.१. रबराचं टोपण बाजूला केलं तर नट बोटांनी फिरत होता आणि वायरीचं लग (टोकाची धातूची कडी) तापून तपकिरी पडलं होतं. लग बदललं, नट आवळला, काम झालं. म्हणून सगळा लोड चालू ठेवून एक पिन बी प्लसवर आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर लावा. फरक ०.२ च्या आसपास चालतो, ०.५ च्या वर गेला तर ती वायर, लग किंवा मधला मोठा फ्यूज तपासा. तसंच आल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यातही मोजा. इंजिन आणि चासी यांच्यातली अर्थिंगची पट्टी कुजली की असेच चाळे होतात. पिना लावताना पट्टा आणि पंखा यांच्यापासून बाही आणि वायरी लांब ठेवा.

पट्ट्याकडे बघताना पुलीही बघा. डिझेल इंजिन झटके देत फिरतं, म्हणून बऱ्याच गाड्यांत आल्टरनेटरला एकाच दिशेने पकडणारी पुली असते. पट्टा उतरवून आतला रोटर धरून ठेवला तर ती एका बाजूला मोकळी फिरायला हवी आणि दुसऱ्या बाजूला पकडायला हवी. दोन्हीकडे मोकळी फिरत असेल तर आल्टरनेटर चांगला असूनही फिरणार नाही, आणि त्याला फक्त पुली लागेल.

जुन्या डिझेल गाड्यांत आरपीएमचा काटा आल्टरनेटरच्याच डब्ल्यू टर्मिनलवरून सिग्नल घेतो. काटा थरथरत असेल किंवा मधूनच शून्यावर बसत असेल तर पट्टा घसरतोय किंवा आल्टरनेटर मधूनच झोपतोय. अनेक डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंपही आल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. त्याचं सील गळलं की इंजिन ऑइल आत उतरतं, कार्बन ब्रश त्यात भिजतात आणि चार्जिंग तुटक होतं. तिथे ऑइलचे डाग असतील तर नुसते कार्बन बदलून भागत नाही, सील आधी. आणि चार्जिंगबरोबर ब्रेकचं पॅडलही कडक झालं असेल तर ती गाडी रस्त्यावर काढूच नका.

आता तुमच्या गाडीचं. गाडी उभी राहिल्यावरच बॅटरी उतरते, म्हणून माझा संशय तिसऱ्या कारणावर, म्हणजे उभ्या गाडीतल्या गळतीवर. हिशोब करा: अर्धा अँपिअर गळती म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास, तीन दिवसांत ३६. ७० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यावर आली की डिझेलचा सेल्फ 'टक' करूनच थांबणार. हीटर प्लगचा रिले (त्यांना करंट देणारा स्विच) चालूच्या स्थितीत चिकटला असता तर तीन दिवस लागलेच नसते, काही तासांत बॅटरी आडवी झाली असती.

गळती मोजायला सगळं बंद करा, किल्ली लांब ठेवा, मायनस टर्मिनल काढा आणि मीटर १० अँपिअरच्या सेटिंगवर टर्मिनल आणि खुंट्याच्या मध्ये लावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ चुकूनही मारू नका, किल्ली ऑन करू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. गाडीतले कंट्रोलर झोपायला कधी दहा मिनिटं, कधी तास लागतो. त्यानंतर २० ते ५० मिलिअँपिअर ठीक. जास्त असेल तर फ्यूज उपटत बसण्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांवर दुसऱ्या मीटरने मिलिव्होल्ट बघा. जिथे शून्य नाही, त्या सर्किटमधून करंट वाहतोय. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त सापडतात ती नंतर बसवलेली उपकरणं: डॅशकॅम, ट्रॅकर, थेट बॅटरीवरून जोडलेलं म्युझिक.

कुठल्याच फ्यूजवर काही सापडलं नाही तर पुन्हा आल्टरनेटरकडे या. त्याचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) शॉर्ट झाला की बंद गाडीत करंट उलटा आत जातो. रात्रभर उभ्या गाडीचा आल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर हेच. चालू गाडीत मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर ०.५ च्या वर दिसलं तरीही डायोडचाच संशय घ्या. असं निघालं तर गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबर, पण तेव्हाही आधी डायोड प्लेट वेगळी मिळते का विचारा.

गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून 'आल्टरनेटर चालतोय का' बघण्याची जुनी युक्ती तुमच्या गाडीवर कुणालाही करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि ईसीयू जाऊ शकतो. आणि शेवटी जे काही बदलाल त्याआधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावून पूर्ण भरून घ्या. पार उतरलेली बॅटरी नव्या आल्टरनेटरकडून भरून घेतली तर तो तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो आणि तापून त्याचेही डायोड जाऊ शकतात.